माणसाला वाटा हवा

तेरवीचं जेवण उरकलं की दुसऱ्या सकाळपासून पाहुणे निघू लागतात. तेरा दिवस अंगणात सतरंज्या पसरलेल्या असतात, चहाचा गंज चुलीवरून उतरत नाही, रात्री ओसरीत पाय ठेवायला जागा नसते. मग आर्वीची बहीण जाते, हिंगणघाटचे मामा जातात, पुलगावचा भाचा शेवटच्या बसनं जातो. जाताना प्रत्येक जण घरातल्या बाईच्या पाठीवरून हात फिरवतो आणि सांगतो, आम्ही आहोत, काळजी करू नकोस. ते मनापासूनच म्हणत असतात. पण चौदाव्या दिवसापासून तिच्यापुढे जे उभं राहतं त्याला या शब्दांचा उपयोग होत नाही. वावरात यंदा पऱ्हाटी लावायची की सोयाबीन, हे आता दीर ठरवतो. सोसायटीचं कर्ज किती आणि सावकाराचं किती, हे तिला कोणी सांगत नाही. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. शेजारी संक्रांतीचं हळदीकुंकू असतं आणि तिला बोलावणं येत नाही. गाव तेच, माणसं तीच, घरापुढचा रस्ता तोच. त्या सगळ्यात तिची म्हणून जी जागा होती, तेवढी गेलेली असते.

शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या वर्धा जिल्ह्यात हे एकटेपण फार घरांत आहे, म्हणून सुरुवात तिथून केली. पण ते फक्त विधवेच्या वाट्याला येतं असं नाही. देवळीचा शिक्षक निवृत्त होतो. सत्काराची शाल घडी करून कपाटात जाते आणि पंधरा दिवसांत त्याला कळतं की सकाळी दहा वाजता आपली वाट पाहणारं आता कोणी नाही. कारंजा-आष्टीकडची मुलगी नर्सिंगला सावंगीच्या वसतिगृहात येते आणि पहिला महिना उशीत तोंड खुपसून काढते. समुद्रपूरचा मुलगा चाकणच्या कारखान्यात लागतो आणि सहा जणांच्या खोलीत राहूनही कोणाशी बोलत नाही. त्याच्या आईवडिलांना भरल्या वाड्यात रात्री झोप येत नाही. नवी नवरी आहे, घटस्फोट घेऊन माहेरी आलेली बहीण आहे, लग्न जमत नाही म्हणून समारंभांना जायचं टाळणारा पस्तिशीचा कास्तकार आहे. यांतल्या बहुतेकांच्या अवतीभवती माणसं भरपूर आहेत. मग त्यांना सोबत नाही असं आपण कोणत्या अर्थानं म्हणतो?

जगभर या प्रश्नाकडे आता सरकारं लक्ष देऊ लागली आहेत. ब्रिटननं २०१८ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमला, जपाननं २०२१ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या नोव्हेंबरात सामाजिक नात्यांसाठी आयोग स्थापन केला. हे चांगलंच आहे. एकटेपणानं शरीरही खंगतं, हे डॉक्टर आता ठामपणे सांगतात. पण या प्रयत्नांतले बरेचसे उपाय माणसांना एकत्र बसवण्याचे आहेत: मदतीचे फोन, फिरायला जाणारे गट, गप्पांसाठी राखून ठेवलेली चहाची टेबलं. त्यामागचं गृहीत असं की एकट्या माणसाला माणसं कमी पडली आहेत, ती पुरवली की काम झालं. मला हे निदान अपुरं वाटतं. आयुष्याच्या वळणावर येणारं एकटेपण बहुतेक वेळा वाटा गेल्यामुळे येतं. चार माणसांच्या कामात आणि चार माणसांच्या ठरवण्यात आपला जो हिस्सा होता, तो गेलेला असतो. तो परत मिळेपर्यंत कितीही माणसं भेटून गेली तरी आतली पोकळी भरत नाही. आणि हा वाटा एकट्यानं मिळवता येत नाही. तो इतरांनी द्यावा लागतो.

हे मी पुस्तकी तर्कानं म्हणत नाही. वर्धा जिल्ह्याच्या मातीत याचे दाखले आहेत, आणि आपण त्यांच्याकडे केवळ स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास म्हणून पाहतो याची मला खंत वाटते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या जिल्ह्यात जी माणसं येऊन राहिली, त्यांतली कितीतरी आयुष्याच्या मधोमध उखडलेली होती. खुद्द गांधीजी त्यांत येतात. १९३४ च्या ऑक्टोबरात त्यांनी काँग्रेसचं सदस्यत्व सोडलं. साबरमती मागेच सुटली होती. वर्ध्याच्या मगनवाडीत काही काळ काढून ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावला गेले, तेव्हा त्यांचं वय होतं सहासष्ट. आश्रम वसवण्याचा त्यांचा बेत नव्हता. त्या खेड्यात एकट्यानं राहावं, फार तर कस्तुरबांनी सोबत यावं, एवढंच मनात होतं. जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतलं ते गाव, पावसाळ्यात चिखलात बुडणारं, तापानं पछाडलेलं. पण एकान्त मिळाला नाही. आदिनिवास या तिथल्या पहिल्या कुटीच्या एकाच खोलीत बापू, बा, सहकारी, पाहुणे असे सगळे दाटीवाटीनं राहू लागले. सरहद्द प्रांतात पाऊल टाकायला सरकारनं बंदी केलेले खान अब्दुल गफ्फार खान तिथे आले. देश आणि घर मागे टाकून आलेल्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी पुढे बापूकुटी झाली. १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं, तोवर तिथे एक वस्तीच उभी राहिली होती.

या वस्तीत भांडणं नव्हती असं कोणी समजू नये. तिथे हेकट माणसं होती, आजारी होती, एकमेकांच्या खोड्यांनी वैतागलेली होती. त्यांना धरून ठेवणारी गोष्ट प्रेमापेक्षा साधी होती. येणाऱ्याला काम मिळे. भाजी चिरणं, सूत कातणं, संडास सफाई, रुग्णाची शुश्रूषा, आणि ठरल्या वेळी प्रार्थनेला हजर राहणं. मोठ्या नावाच्या माणसालाही नुसतं पाहुणा होऊन राहणं अवघड जाई. मला ही पद्धत फार शहाणी वाटते. दुःखी माणसाला पहिल्या दिवशी 'काय झालं, सांग' असं न विचारता 'इकडे ये, हे धर' म्हणणं, यात त्याच्या दुःखाचा अपमान होत नाही. उलट त्याच्या हातांवर विश्वास टाकला जातो.

परचुरेशास्त्र्यांची गोष्ट बहुतेकांना फोटोमुळे माहीत असते: कुष्ठरोग झालेला संस्कृत पंडित आणि त्याच्या अंगाला मालीश करणारे गांधीजी. येरवड्याच्या तुरुंगातली ती ओळख. रोग बळावल्यावर, कोणाच्या दारात उभं राहायची सोय उरली नाही तेव्हा शास्त्रीबुवा सेवाग्रामला आले. त्यांच्यासाठी जवळच कुटी बांधली गेली. परचुरे कुटी आजही तिथे पाहायला मिळते. फोटोत आपल्याला सेवा करणारा दिसतो आणि आपण त्याच्यापुढे नतमस्तक होतो. मला मात्र त्या फोटोबाहेरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या कुटीत राहणारा माणूस आश्रमाच्या लेखी केवळ रोगी नव्हता. तो शास्त्रीच राहिला. त्याच्या विद्वत्तेला तिथे मान होता, त्याच्याशी बोलायला, त्याच्याकडून काही घ्यायला माणसं येत. १९४५ मध्ये वर्ध्याजवळच्या दत्तपूरला त्यांचा अंत झाला. ते दत्तपूरही याच विचारातून उभं राहिलेलं. विनोबांच्या सहवासातल्या मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये तिथे कुष्ठसेवेचं काम सुरू केलं आणि घराबाहेर काढलेल्या माणसांच्या हाती शेती आणि चरखा दिला. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवनात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. कुष्ठरोग्याला दया पुष्कळ मिळत होती. तिनं त्याचं एकटेपण तसूभरही हललं नव्हतं.

उलटा दाखला जमनालालजींचा. त्यांच्याइतका माणसांनी वेढलेला गृहस्थ त्या काळच्या वर्ध्यात दुसरा नसेल. बजाजवाडीत देशभरातले पुढारी उतरत, काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका होत, पंगती उठत. १९२८ मध्ये त्यांनी आपलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांसाठी खुलं केलं, तेव्हा स्वकीयांचा रोषही त्यांनी झेलला. असा माणूस पन्नाशीत आतून अस्वस्थ झाला. गांधीजींना आणि विनोबांना ते आपल्या मनातल्या उणिवा मोकळेपणानं सांगत. १९४१ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर ते आनंदमयी माँकडे जाऊन राहिले, परत आले आणि गोपुरीत साधी झोपडी बांधून गोसेवेच्या कामाला लागले. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. शेवटचे ते काही महिने त्यांच्या समाधानाचे होते, असं त्यांच्या जवळच्या माणसांचं सांगणं आहे. व्यापार होता, राजकारण होतं, गोतावळा होता. पण त्या वयात त्यांना हवा होता तो कामातला असा हिस्सा, जो पैशानं दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

आणि विनोबा. १९३८ मध्ये त्यांची प्रकृती इतकी ढासळली की वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर आलं. थंड हवेच्या ठिकाणी जा, असा आग्रह झाला. ते गेले नाहीत. पवनारला धाम नदीच्या काठी जमनालालजींचा बंगला होता, तिथे गेले. पूल ओलांडताना मनातली सगळी ओझी टाकली, आणि मग रोज थोडं थोडं शेत खणायला घेतलं. आधी काही मिनिटं, मग हळूहळू तास. दहा महिन्यांत वजन चाळीस पौंडांनी वाढलं. त्याच खणण्यात जमिनीतून भरत-रामाची मूर्ती निघाली, ती आज आश्रमात आहे. विनोबा एकान्तप्रिय होते, त्यांच्या बाबतीत एकटेपण हा शब्द वापरताना मी बिचकतो. पण मोडकळलेल्या माणसानं विश्रांती नाकारून कुदळ हाती घेतली, ही गोष्ट मला विसरता येत नाही. 'आता आराम करा' हे वाक्य आपण निवृत्तांना, म्हाताऱ्यांना, नुकतंच माणूस गेलेल्या घरातल्यांना किती मायेनं ऐकवतो! चार दिवसांनंतर त्याचा अर्थ एवढाच उरतो की तुमच्यावाचून आमचं काही अडत नाही.

या सगळ्यांत माझ्या मुद्द्याला सर्वांत जवळचा दाखला पवनारचाच आहे, पण थोडा पुढच्या काळातला. २५ मार्च १९५९ रोजी तिथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं: स्त्रियांनी चालवायचं सामूहिक साधनेचं ठिकाण. त्या काळी संन्यास हा पुरुषांचा प्रांत. बाईनं घर सोडलं म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं समजणारा समाज. गुजरात, आसाम, कर्नाटक, महाराष्ट्र अशा वेगवेगळ्या प्रांतांतून मुली आल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती, जेवण वेगळं, सवयी वेगळ्या. ज्यांच्या शब्दावर त्या आल्या, ते विनोबा तर तिथे नव्हतेच. ते भूदानाच्या पदयात्रेत होते आणि १९६४ मध्ये परतले. म्हणजे पहिली पाच वर्षं या बायांनी गुरूच्या गैरहजेरीत काढली. घर सुटलेलं, नवं घर अजून झालेलं नाही, आधाराचा माणूस दूर कुठेतरी चालत असलेला. याहून कठीण वळण कोणतं?

त्यांना तारलं ते दोन गोष्टींनी. एक, कामाची समान वाटणी. स्वयंपाक, झाडलोट, शेत, छपाई, रुग्णसेवा हे सगळं त्यांनीच करायचं; हलकं-भारी काम असा भेद नाही आणि नोकर नाहीत. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. निर्णय एकमतानं घ्यायचे. बहुमत चालणार नाही. एक जरी बहीण राजी नसली तरी ती गोष्ट थांबायची. वरवर पाहता ही पद्धत कामाची नाही असं वाटतं. व्यवहारी माणूस म्हणेल, असं कुठे काही चालतं का? पण एकट्या पडलेल्या माणसाच्या बाजूनं तिच्याकडे पाहा. काल आलेली, भाषा न येणारी, बुजलेली मुलगी. तिच्या होकारावाचून बाकीच्यांचं पाऊल पुढे पडणार नाही. तिला समजावून घ्यावंच लागेल, तिचं ऐकावंच लागेल, तिला मत आहे की नाही हे तिला स्वतःलाच शोधावं लागेल. आपण आहोत याचा याहून पक्का पुरावा दुसरा कोणता? या बहिणींतल्या अनेक जणी आता राहिल्या नाहीत, उरलेल्या वृद्ध आहेत, नव्या फारशा येत नाहीत. ब्रह्मचर्याची वाट सर्वांची नव्हेच. तरीही सहा दशकांहून जास्त काळ ही वस्ती टिकली, आणि तिच्या टिकण्याचं श्रेय मी अध्यात्माइतकंच या एका नियमाला देतो.

इथे मला एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. काम द्या, काम द्या म्हणता. त्या चौदाव्या दिवसाच्या बाईला काम कमी आहे का? पहाटे उठून पाणी भरायचं, चूल, मग वावरात निंदण, दिवाळीनंतर कापूस वेचणी, परत येऊन पुन्हा चूल. नवरा गेल्यावर त्याच्या वाटणीचं कामही तिच्याच डोक्यावर आलं. कामानं एकटेपण गेलं असतं तर विदर्भातल्या बाया जगातल्या सर्वांत कमी एकट्या असत्या.

म्हणूनच मी काम हा शब्द पुरेसा मानत नाही. वाटा म्हणजे कामातला हिस्सा आणि ठरवण्यातलाही. दुसरा नसेल तर पहिला ही नुसती राबणूक असते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देतं: तीस हजार हाती, सत्तर हजार ठेव म्हणून. तेही प्रकरण 'पात्र' ठरलं तर. जमीन कुटुंबाच्या नावे होती का, कर्ज मान्य संस्थेचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, असे निकष लागतात. न बसणाऱ्या कागदावर 'अपात्र' लिहिलं जातं. पैशाची गरज मोठीच आहे, ती कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. पण त्या मदतीच्या पुढचा प्रश्न जमिनीचा आहे. महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अकरा जिल्ह्यांत ५०५ शेतकरी विधवांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या सुमारे चाळीस टक्के बायांच्या नावे शेतजमीन झालेली नव्हती. ज्या मातीत ती वाकते त्या मातीबद्दल तिला कोणी विचारत नाही. याला मी एकटेपणाचाच आकडा मानतो. फेरफाराच्या नोंदीत नाव चढणं ही मानसिक आरोग्याची गोष्ट आहे, असं कोणी म्हटलं तर हसू नये.

आणि ज्यांना असा वाटा मिळाला त्यांचं काय झालं, हेही आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्ध्याचे नाट्य-दिग्दर्शक हरीश इथापे यांनी श्याम पेठकर यांचं 'तेरवं' हे नाटक बसवलं. त्यात भूमिका केल्या त्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या बायांनी आणि लेकींनी. नाटक शहरातल्या नटींना घेऊन अधिक सफाईदार झालं असतं, हे खरं आहे. पण मग ते या बायांबद्दलचं नाटक राहिलं असतं. आता ते त्यांचं झालं. नाटकाच्या तालमीचा विचार करा. ठरल्या वेळी ठरल्या जागी यावं लागतं. एक जण आली नाही तर सगळ्या अडतात. तिचं वाक्य दुसरी बोलू शकत नाही. ज्या बाईला गावात शुभकार्यात पुढे येऊ दिलं जात नाही, तिच्या एंट्रीवाचून इथे पडदा पुढे सरकत नाही. तेरवीला आलेल्या पाहुण्यांनी जे सांत्वन करायचा प्रयत्न केला होता, ते कदाचित तिला इथे मिळालं. कोणी सांत्वन करत नसताना.

याच नाटकात काम करणाऱ्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. त्या जागी आधी बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं होतं, आणि ती गोष्ट मला तेव्हाही लाजिरवाणी वाटली, आजही वाटते. पण त्या वादाच्या धुळीत एक गोष्ट झाकली जाऊ नये. अंगणवाडीत मदतनीस असलेली एक शेतकरी विधवा मराठीच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर उभी राहून ठामपणे बोलली, आणि ते बळ तिला भाषणाच्या वर्गातून आलेलं नव्हतं. तालमीतून, मंडळीतून आलेलं होतं.

दुःख सारखं असलेल्यांनीच एकत्र यावं का, हा पुढचा प्रश्न. विधवांचा गट, निवृत्तांचं मंडळ, एकल महिलांची बैठक. अशा गटांचा पहिला उपयोग मोठा असतो: आपल्यासारखे आणखी आहेत हे कळतं, लाज कमी होते, कार्यालयाचे कागद कसे करायचे ते समजतं. पण कायम तिथेच राहिलं तर माणसाची ओळख त्याच्या नुकसानीपुरती उरते. विदर्भातली खेडी या बाबतीत आपल्याला काही शिकवू शकतात. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, बुद्धविहारांतून बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. संध्याकाळी पांढऱ्या साड्यांतल्या बाया जमतात. त्यांत सासू असते, नवी सून असते, शाळकरी मुलगी असते, विधवाही असते. वाचनाची पाळी फिरत राहते. अडखळत वाचणारीलाही पाळी येते आणि बाकीच्या थांबतात. विधवेला तिथे वेगळं बसावं लागत नाही, कारण त्या परंपरेनं अशुभाची कल्पनाच टाकून दिली आहे. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना जिथे अजून नियमानं होते, तिथेही म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळचं एक ठिकाण असतं. खंजेरी कोणीतरी वाजवायची असते, सतरंजी कोणीतरी घालायची असते. बचत गटांकडूनही हेच व्हायला हवं होतं, आणि अनेक गावांत झालंही. पण जिथे गट फक्त हप्ता गोळा करण्यापुरता उरला, तिथे न आलेल्या बाईची आठवण फक्त तिच्या थकबाकीमुळे निघते. एकत्र येणं आणि वाटा असणं यांतला फरक तिथे उघडा पडतो.

तरुणांसाठी जिल्ह्यातच एक चांगली वहिवाट आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं, तेव्हापासून नव्या मुलामुलींचा मुक्काम सुरुवातीचे काही दिवस आश्रमात असतो आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. गावातली काही कुटुंबं एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. घर सोडून आलेल्या, कोणालाच न ओळखणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला पहिल्याच वर्षी सांगितलं जातं की या घरांची विचारपूस तुझ्याकडे. त्यातून आरोग्यसेवा किती घडते हा वेगळा विषय. माझं लक्ष त्या पोराकडे आहे. त्याला मित्र मिळवून देण्याची खटपट कोणी केली नाही. त्याची वाट पाहणारी घरं त्याला दिली. मैत्र्या गावात सोबत चालताना होतात.

कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानं लगेच राज्यभर त्याचं अनुकरण करायला सांगितलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबलंच पाहिजे, यात दुमत नाही. पण तो ठराव काय करू नये ते सांगतो. काय करावं, याचा ठराव प्रत्येक गावाला आपला आपणच करावा लागेल, आणि तो कागदावर होणारा नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तिला घेणं, पाणी समितीचा हिशेब तिच्याकडे देणं, गणपतीची वर्गणी गोळा करायला निघालेल्यांनी तिला सोबत घेणं. निवृत्त शिक्षकाला शाल देण्याऐवजी दर शनिवारी सातवीच्या पोरांचं गणित देणं. तो नाही म्हणेल, आधी नक्कीच नाही म्हणेल. पुन्हा विचारावं.

कारण वळणावरच्या माणसाला वाटा मागता येत नाही. हा या दुखण्याचा सर्वांत वाईट भाग आहे. आपल्यावाचून सगळं चाललेलं दिसत असताना 'मलाही घ्या' हे शब्द तोंडातून निघत नाहीत. पुरुषांच्या तर अजिबात निघत नाहीत. 'स्वतःहून लोकांत मिसळा' हा सल्ला देणारा या लाजेचा विचारच करत नाही. पुढाकार ज्याचं बस्तान बसलेलं आहे त्यानं घ्यायचा असतो. गफ्फार खानांनी आपली कहाणी सांगून जागा मागितली नव्हती, परचुरेशास्त्र्यांनाही दारापासून परत पाठवणं सोपं होतं. दाराच्या आत असलेल्यांनी सरकून जागा केली.

याला मर्यादा आहेत, आणि त्या मला मान्य आहेत. गेलेलं माणूस कोणत्याही वाट्यानं परत येत नाही. कोणाला काही काळ खरोखरच एकटं राहायचं असतं आणि त्याला तसं राहू द्यावं. ज्याचं मन फार खोल गेलं आहे त्याला डॉक्टर हवा असतो. त्याला तालमीला बोलावून भागणार नाही. गावाचं एकत्र असणं जातीच्या भिंतींमध्ये वाटलेलं आहे, तेव्हा 'गावानं सामावून घ्यावं' हे म्हणताना कोणत्या गावानं, कोणाला, असं विचारावंच लागतं. ज्याला पाणवठ्यावर जागा नव्हती त्याला समितीत जागा मिळणं सोपं नाही. तरीही या जिल्ह्यात एका देवळाचं दार १९२८ मध्ये उघडलं गेलं, धामेच्या काठी मुलींनी एकमताचा नियम पाळून दाखवला, आणि नवऱ्यामागे उरलेल्या बाया रंगमंचावर उभ्या राहिल्या. यांतलं काहीही आपोआप झालेलं नाही. कोणीतरी आपला थोडा अधिकार कमी करून घेतला, तेव्हा तो दुसऱ्याच्या हाती गेला. घरातला दीर असो की शाळेचा मुख्याध्यापक, मंडळाचा अध्यक्ष असो की आपलं सारं सुरळीत चाललेला शेजारी, प्रत्येकाला तेवढं आपापल्या ठिकाणी करता येण्याजोगं आहे. यंदाच्या खरिपाआधी बियाण्याचा निर्णय होईल, तेव्हा त्या बैठकीत वहिनीला बसवून तिचं मत पहिल्यांदा विचारणं, आणि ते आपल्याला पटलं नाही तरी निदान अर्ध्या वावरात तिच्या म्हणण्यासारखं पेरणं, इथपासून सुरुवात करता येईल.